हा निकाल आम्हांस अमान्य

आशा भोसले यांनी २००५ साली, सत्तरी उलटल्यावर, क्रोनॉस या अमेरिकन तंतुवादक चौकडीच्या साथीने राहुलदेव बर्मन यांची चित्रपटगीते नव्याने गायिली. त्या ध्वनिमुद्रिकेविषयी येथे बऱ्हाणपुरात, देवळाच्या सभामंडपात, आम्ही एकच निकाल ऐकत आलो आहो : ‘या वयात बाईंनी अभंग गावेत!’

पण पुरावा तपासला कोणी? झाकिर हुसेन यांचा तबला, वू मान यांचा चिनी पिपा आणि त्यांत वयाची सबब न सांगता उभा राहिलेला तो आवाज कितीजणांनी ऐकला? मुद्रिकेला ग्रॅमीचे नामांकन मिळाले हे कळताच मात्र हेच पंच मंगेशीचे नाते आणि आमच्या तापीकाठचे थाळनेर हे आजोळ अभिमानाने सांगतात.

दीनानाथांच्या मातोश्री येसूबाई मंगेशीच्या देवळाच्या सेवेतील कलावंत होत्या. अशा स्त्रियांचे गाणे समाजाने घेतले. मान दिला नाही. त्यांच्या नातीने काय गावे, हेही आता तोच समाज ठरविणार काय? ज्यास ते गाणे रुचत नाही, त्याने तसे खुशाल म्हणावे. पण आधी ऐकावे आणि मग गाण्याविषयी बोलावे. गाणारीचे वय हा गाण्यावरील अभिप्राय नव्हे.