आंदणाचे बेट आणि आमचे बावीस गुंठे

सत्र परीक्षेत इतिहासाच्या पेपराला एक प्रश्न आला होता. 'मध्ययुगीन इंग्लंडमधील सरंजामदाराच्या जीवनाचे वर्णन करा.' मी अडीच पाने भरली. किल्ला लिहिला, खंदक लिहिला, राजाला पुरवायचे घोडेस्वार लिहिले, वेठीने राबणारी कुळे लिहिली. पेपर परत मिळाला तेव्हा समासात सरांचा तांबड्या शाईतला शेरा होता : 'कुटुंबाविषयी एक ओळही नाही.' मला प्रथम राग आला. क्रमिक पुस्तकातच जर ती ओळ नसेल तर मी ती कोठून आणायची? पण शेरा मनात राहिला, आणि ग्रंथालयात जाऊन मी एका सरदाराची माहिती शोधून काढली. आज जे लिहीत आहे त्याची सुरुवात तेथे झाली, शेवट मात्र आमच्या गोराईच्या घरात, पत्र्याच्या पेटीपाशी आहे.

त्या सरदाराचे नाव विल्यम मार्शल. जन्म ११४६-४७ च्या सुमाराचा. हा चौथा मुलगा, म्हणजे नशिबी जमीन नाही, कारण तिकडे सगळी जमीन थोरल्याची. पाच-सहा वर्षांचा असताना बापाने त्याला राजा स्टीफनकडे ओलीस ठेवले आणि शब्द मोडला. मुलाला फाशी देतो असे राजाने कळवल्यावर, आणखी मुलगे घडवण्याची हत्यारे माझ्याजवळ आहेत, अशा अर्थाचा निरोप बापाने धाडला म्हणतात. राजालाच दया आली म्हणून पोर वाचले. पुढे तरवारीच्या जोरावर त्याने नाव कमावले, पण जमीन काही तरवारीने आली नाही. ती आली ११८९ साली, लग्नाने. इझाबेल द क्लेअर नावाची मुलगी बापाच्या मृत्यूनंतर राजाच्या ताब्यात वाढत होती. वेल्समधली ठाणी आणि आयर्लंडमधला लेन्स्टर प्रांत तिच्या वारशाचा. राजाने ती मुलगी या सेवकाला बक्षीस दिली. तो बेचाळिशीच्या पुढचा, ती सतरा-अठरा वर्षांची. म्हणजे माझ्याहून लहान.

पुस्तके म्हणतात, मार्शलने जमीन मिळवली. मिळवली कसली, ती तिचीच होती! एवढे मात्र खरे की हे तो विसरला नव्हता. लेन्स्टरमधून इंग्लंडला जाण्याची वेळ आली तेव्हा त्याने आपल्या सरदारांपुढे गरोदर इझाबेलला उभे केले आणि ही जन्माने तुमची धनीण आहे, माझ्याजवळ आहे ते हिच्यामुळे, असे सांगितले. त्याच्या मुलाने बापाचे चरित्र पद्यात लिहवून घेतले, सुमारे १९ हजार ओळींचे, त्यात हा प्रसंग आहे. त्यांना पाच मुलगे आणि पाच मुली झाल्या. पाचही मुलगे एकामागून एक गादीवर बसले आणि पाचही औरस संतती न ठेवता गेले. शेवटचे दोघे १२४५ साली, महिन्याभराच्या आत. मग ती अफाट जमीन कोणाकडे गेली? पाच मुलींकडे आणि त्यांच्या मुलाबाळांकडे, समान वाटे करून. मुलगा असेपर्यंत मुलीला वाटा नाही, मुलगा नसला की मुलींना सारखा, असा तिकडचा कायदा.

हे वाचून मला वाटले की ही झाली साता समुद्रापलीकडची गोष्ट. पण सरांनी सांगितले, "मुंबईचाच कागद बघ." तो पाहिला आणि मी थक्क झाले.

वसईच्या तहाने १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यात मुंबई आली, साष्टी आली, आमचे धारावी बेटही आले. (हे धारावी म्हणजे झोपडपट्टीची धारावी नव्हे. उत्तन, गोराई, मनोरी ही गावे ज्या बेटावर आहेत ते.) पोर्तुगीजांनी गावेच्या गावे आपल्या सरदारांना, शिपायांना, चर्चला वाटून दिली. वर्षाकाठी ठरलेला फाळा द्यायचा आणि वेळप्रसंगी घोड्यानिशी हजर व्हायचे. इंग्लंडातल्या सरंजामदाराची ही सख्खी भावंडेच. यातली काही गावे मुलींच्या किंवा विधवांच्या नावे दिली जात, पण तिने पोर्तुगीज माणसाशीच लग्न केले पाहिजे या अटीवर. नाव तिचे, पण गाव भोगणार तिचा नवरा. जमीन मुलीच्या पदराला बांधून शिपाई वसवायचे, असा तो हिशेब.

मुंबई बेट तर अख्खेच एका मुलीबरोबर गेले. १६६१ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन आणि इंग्लंडचा दुसरा चार्ल्स यांच्या लग्नाचा करार झाला आणि त्यात मुंबई आंदण दिली गेली. ही गोष्ट आपण चौथीपासून ऐकतो. पण आंदण गेले कोणाला? कॅथरिनने मुंबई कधी डोळ्यांनी पाहिली नाही. बेट मिळाले नवऱ्याला, आणि त्याने २७ मार्च १६६८ च्या सनदेने ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले, वर्षाला १० पौंड सोन्याच्या खंडावर. त्या सनदेत एक गंमत आहे. मुंबई ही ईस्ट ग्रिनिच येथील 'मॅनर'च्या रिवाजाप्रमाणे धारण करावी, असे तीत लिहिले आहे. मॅनर म्हणजे सरंजामदाराची वाडी, तिच्यातल्या गढीसह आणि कुळांसह. परीक्षेत ज्या मॅनरवर मी अडीच पाने लिहिली, ती कायद्याच्या कागदावर आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोचली होती! क्रमिक पुस्तकात हे एका ओळीत आले असते तर काय बिघडले असते?

आणि या सगळ्यात एक बाई होती, जिच्याविषयी मला सर्वांत जास्त कुतूहल आहे. दोना इनेस द मिरांडा. दों रॉद्रिगो द मॉन्सांतो याची विधवा. मुंबई बेट तिच्या कुटुंबाकडे होते, आणि तिला 'बेटाची धनीण' म्हणत. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हंफ्री कुक या इंग्रजाने बेटाचा ताबा घेतला तो तिच्याच वाड्यात. बेट दोन राजांच्या सोयरिकीत जात होते, सह्या पुरुष करीत होते, आणि घर तिचे होते. तिची मालमत्ता हिरावून घेऊ नये अशी वेगळी तरतूद पोर्तुगीजांनी करारात घातली होती, कारण ती विधवा आणि मानाची बाई. म्हणजे ती तरतूदही दयेची, हक्काची नव्हे. टाऊन हॉलच्या मागे जेथे हा वाडा होता तेथे आज नौदलाचे आवार आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी मैत्रिणीबरोबर मुद्दाम गेले होते. बाहेरून भिंत पाहून परत आलो.

साष्टी मात्र त्या आंदणात नव्हती. इंग्रजांना ती हवी होती, पोर्तुगीजांनी दिली नाही. त्यामुळे आमची गोराई पोर्तुगीजांकडेच राहिली, १७३९ साली चिमाजीअप्पांच्या फौजेने वसई घेईपर्यंत. पुढे १७७४ साली साष्टी इंग्रजांनी घेतली. धनी बदलले, चिखलात उभे राहून भात लावणारे हात तेच राहिले. त्यांची नावे मला कोठल्याही पुस्तकात सापडली नाहीत. आमच्या घराण्याची पहिली लेखी खूण म्हणजे कूळकायद्याचा कागद. १ एप्रिल १९५७ हा कायद्याने 'कृषक दिन' ठरला, कसणारे कूळ मालक झाले, आणि त्यानंतर यथावकाश माझ्या पणजोबांना 'बत्तीस म'चे प्रमाणपत्र मिळाले. विल्यम मार्शलची कहाणी १९ हजार ओळींची, आमची एका कागदाची. तरी त्या एका कागदाचा आमच्या घरात देवासारखा मान आहे.

आता घरची गोष्ट. गेल्या वर्षी माझे आजोबा वारले. सातबाऱ्यावर वारस म्हणून पाच नावे लागली : आजी, काका, बाबा आणि दोन आत्या. जमीन बावीस गुंठे. पूर्वी भात आणि मागाहून भाजी निघे. आजीने ती भाजी वर्षानुवर्षे खाडी ओलांडून बोरिवलीत नेऊन विकली. आता समुद्राच्या बाजूच्या जमिनीला भाव आला आहे आणि एक पार्टी विचारते आहे. म्हणून काकांनी हक्कसोडपत्र तयार करून आणले. दोघी आत्यांनी आपला हिस्सा भावांना सोडून द्यायचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून वाचून दाखवायचे काम माझ्याकडे आले. "बाय, काय लिवलंय त्यात ते नीट सांग," आजी म्हणाली. मी वाचू लागले. 'स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय, कोणताही मोबदला न घेता...' थोरल्या आत्याने मध्येच विचारले, "मोबदला म्हंजे?" मी सांगितले. ती हसली आणि म्हणाली, "कर बाबा सही, माहेर रहायला हवं." तिने सही केली. धाकटीने केली नाही. विचार करून सांगते म्हणाली आणि बोट गाठायला उठली. यंदा गणपतीला तिला बोलावणे गेले नाही. भाऊबीजेला ती आपण होऊन आली, ओवाळले, चहा घेतला आणि दिवेलागणीच्या आत निघून गेली.

काकांची बाजू मी खोटी म्हणणार नाही. आजोबांच्या दुखण्यात रात्री जागले ते काका आणि बाबा. बांध घातला, खारे पाणी अडवले ते त्यांनी. आत्यांच्या लग्नाचे कर्ज फेडले तेही त्यांनी. "लग्नात दिलं तोच तिचा वाटा," असे काका म्हणतात आणि गावात दहाजणांना विचारले तर नऊजण हेच म्हणतील. पण दिले काय होते? भांडी, दोन तोळे आणि एक कपाट. ते आंदण कोणाच्या घरी गेले? आत्याच्या सासरी. कॅथरिनच्या आंदणाचे झाले तेच याचेही झाले. बापाच्या घरून निघाले, नवऱ्याच्या घरी जमा झाले, आणि ती मधल्या मध्ये नुसती वाहून नेणारी. मग लग्नात वाटा मिळाला असे म्हणायचे कशाच्या जोरावर?

कायदा तर स्पष्ट आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. वडिलार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि २००५ साली तो साऱ्या देशात आला. मार्शलच्या मुलींना पाच भाऊ मरावे लागले तेव्हा जमीन मिळाली. माझ्या आत्यांचा हक्क भाऊ जिवंत असतानाच आहे. आठशे वर्षांत एवढा फरक पडला, आणि तो आम्ही एका सहीने पुसतो. तोही आनंदाने, हळदीकुंकू लावून.

माझे मत असे आहे की बहिणीने हक्क सोडू नये असा कोणी दंडक घालण्याचे कारण नाही. ज्याला सोडायचा त्याने सोडावा. पण सोडण्यापूर्वी त्या बावीस गुंठ्यांचा आजचा भाव तिला सांगितला पाहिजे. कागद तिच्या भाषेत वाचून दाखवला पाहिजे. आणि सही केली नाही तरी गणपतीचे बोलावणे जाईल, याची खात्री पाहिजे. यातले एकही नसेल तर 'स्वखुशीने' हा शब्द त्या कागदावर खोटा आहे. थोरल्या आत्याला मी मोबदला या शब्दाचा अर्थ सांगितला, पण भाव सांगितला नाही. मला तो ठाऊक होता. काका समोर बसले होते, बाबाही होते, आणि माझी जीभ उचलली नाही. या लेखात मी मोठमोठ्या गोष्टी लिहीत आहे म्हणून हेही लिहिणे भाग आहे.

शिवाय माझा स्वार्थही यात आहेच. आत्यांनी सह्या केल्या तर बाबांचा वाटा वाढणार. पार्टीचा व्यवहार झाला तर पुढच्या वर्षीची फी, जमल्यास बी.एड., सारे त्यातूनच. आई मला हळूच म्हणाली, "तू कशाला मध्ये पडतेस, तुझ्याच भल्याचं आहे." खरे आहे. पण माझा भाऊ आता नववीत आहे. अजून दहा-पंधरा वर्षांनी असाच एक कागद माझ्यापुढे येईल, आणि तो वाचून दाखवायला कदाचित त्याची मुलगी बसेल.

परवा रविवारी मी धाकट्या आत्याकडे गेले होते. सातबाऱ्याचा उतारा आणि त्या कागदाची नक्कल बरोबर नेली होती. तिला सगळे सांगितले, भावासकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग आत जाऊन तिने डबा भरला, सुक्या बोंबलाची चटणी, आजीसाठी, आणि विचारले, "भाऊ रागावला तर?" मी सांगितले, रागावेल. बोटीची वेळ झाली होती, मी निघाले. घरी आल्यावर डबा आजीच्या हातात दिला. तिने झाकण उघडून वास घेतला, कोणी दिला ते विचारले नाही. जेवणे झाल्यावर पेटीतून तो कागद काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "माझं नाव कुठं आहे त्यात, दाखव."

मी बोट ठेवले. पहिलेच होते.