कमरेतली भूल आणि रक्तदाबाची राखण

सिझेरियन ठरले की घरच्यांचा पहिला प्रश्न येतो, ‘कमरेत इंजेक्शन? मग जन्मभर कंबर दुखेल ना?’ खरे तर बाळंतपणानंतरच्या कंबरदुखीमागे गरोदरपणात कमरेवर आलेला भार, सैलावलेले सांधे आणि बाळाला घेऊन वाकून बसणे हीच कारणे बहुधा असतात. सुईच्या या धास्तीत अधिक महत्त्वाचा प्रश्न मात्र राहून जातो. तो म्हणजे, शस्त्रक्रिया चालू असताना आईच्या रक्तदाबावर लक्ष कोण ठेवणार?

बाळाला प्राणवायू मिळतो तो वारेतून. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त जाते. रक्तदाब थोडा घसरला तरी मेंदू आपला पुरवठा सांभाळून घेतो. वारेला ते फारसे जमत नाही. आईचा दाब उतरला की तिथला प्रवाहही उतरतो. एपिड्युरल किंवा स्पायनल भुलीमुळे वेदनेच्या नसांबरोबर रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही बधिर होतात आणि दाब घसरतो. एपिड्युरलमध्ये हे सावकाश होते, स्पायनलमध्ये काही मिनिटांतच. त्यात आई उताणी असेल, तर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडून हृदयाकडे परतणारे रक्त आणखी घटते.

यावरचे उपाय महागडे नाहीत. उजव्या कुशीखाली उशी देऊन आईला डावीकडे कलते ठेवायचे, सलाइन लावायचे, सुरुवातीला दर एक-दोन मिनिटांनी दाब मोजायचा आणि तो घसरण्याआधीच औषध सुरू करायचे. पूर्वी त्यासाठी इफेड्रिन वापरत. ते वार ओलांडून बाळाच्या रक्तातील आम्लता वाढवू शकते, म्हणून आता फिनाइलएफ्रिनला पसंती मिळते. दाब असा सांभाळला तर बहुतेक मातांसाठी कमरेतली भूल पूर्ण भुलीपेक्षा सुरक्षित ठरते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात दर चार बाळंतपणांपैकी सुमारे एक सिझेरियनने होते. इतक्या मोठ्या संख्येसाठी भूलतज्ज्ञ केवळ इंजेक्शन देण्यापुरता येऊन चालणार नाही. शस्त्रक्रिया संपेपर्यंत तो आईच्या उशाशी हवा. लहान रुग्णालयांनी ही गोष्ट ऐच्छिक मानू नये, आणि नातेवाइकांनीही खोलीचे भाडे विचारण्याआधी याची चौकशी करावी.