बैलघोडा हॉस्पिटलातील नवे हात

परळच्या पशुरुग्णालयाला मुंबईकर पिढ्यान् पिढ्या 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणत आला आहे. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे हे रुग्णालय १८८० नंतरच्या दशकात उभे राहिले, तेव्हा शहराची ट्रामसुद्धा घोडे ओढीत होते. १८८६ साली मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयही परळलाच निघाले. घोड्यांची ट्राम १९०५ मध्ये गेली. बैलगाड्याही रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या. रुग्ण मात्र हटले नाहीत, फक्त त्यांची जात बदलली. आज तेथील रांगेत कुत्री-मांजरे अधिक.

पशुवैद्यकाच्या पदवीसाठी साडेचार वर्षांच्या शिक्षणानंतर एक वर्षाची आंतरवासिता आवश्यक असते. शल्यविभागात पाऊल टाकणाऱ्या तरुण-तरुणींची खरी परीक्षा येथूनच सुरू होते. आम्ही काही वर्षे शाळेत फळ्यापुढे घालविली आहेत. पोहणे फळ्यावर शिकविता येत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण शिकाऊ मुलगा पोहायला पडतो तेव्हा बुडण्याचे भय त्याचे स्वतःचे असते. येथे ते टेबलावरच्या मुक्या जिवाचे असते.

गायीच्या पोटातून प्लास्टिक काढण्याची शस्त्रक्रियाच घ्या. गाय बहुधा उभीच असते. पाठीच्या कण्यालगत सुया देऊन डावी कूस बधिर करावयाची, कातडी आणि स्नायूंचे थर कापून कोटीपोट बाहेर ओढावयाचे आणि आतील आंबवण पोटाच्या पोकळीत सांडू नये म्हणून ते जखमेच्या कडेला शिवून घ्यावयाचे. मग खांद्यापर्यंत हात आत. हाताला लागतात आपण उकिरड्यावर फेकलेल्या पिशव्या, दोऱ्या, चिंध्या. कधी कधी वीस-तीस किलोंचा गोळा. तार किंवा खिळा जाळीपोटात रुतला असेल, तर हृदय तेथून फार दूर नाही. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे. तिचे काय झाले याचा पंचनामा या विद्यार्थ्यांइतका कोणी करीत नसेल.

ही शस्त्रक्रिया बाजूला उभे राहून, पुढच्या मुलाच्या खांद्यावरून डोकावून येत नाही. आंतरवासितेचे वर्ष केसपेपर भरण्यात आणि कुत्र्याचे पाय धरण्यात सरले, तर पदवीचा कागद मिळेल, शल्यचिकित्सक मिळणार नाही. पुढे तो तालुक्याच्या दवाखान्यात एकटा असेल, आणि दारात अडलेली म्हैस घेऊन शेतकरी उभा असेल. पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्य असावा, असे राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये सांगितले होते. पण जो एक जावयाचा, त्याच्या हाती कसब नको काय?

याची दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. शिकाऊ हात कोणत्या जनावरावर चालवावा? साहजिकच ज्याला मालक नाही त्याच्यावर, असे सोयीचे उत्तर अनेकांच्या ओठांवर असते. भटक्या कुत्रीचे निर्बीजीकरण म्हणजे किरकोळ काम, असा समज आहे. तो चुकीचा आहे. बीजकोशाच्या रक्तवाहिनीवरची गाठ सैल सुटली तर कुत्री आतल्या आत रक्तस्राव होऊन मरू शकते, आणि तिच्यासाठी तक्रार करावयास कोणी येत नाही. पाळीव कुत्र्याचा मालक निदान जाब तरी विचारील! म्हणूनच बेवारस जनावरावर शिकावयाचे असेल तर टेबलाच्या पलीकडे जाणता शल्यचिकित्सक उभा असलाच पाहिजे. आधी मृत जनावरावर गाठी बांधून हात बसलेला असला पाहिजे. कोणत्या विद्यार्थ्याने कोणत्या शस्त्रक्रियेत कोणता भाग केला, जनावर पुढे जगले की नाही, याची नोंदही राहावी. कसलाही खर्च नसलेली ही सुधारणा आहे. कदाचित म्हणूनच ती मागे पडत असावी.

खर्चाची बाब विद्यावेतनाची. रात्रपाळी करणाऱ्या, लाथा नि चावे खाणाऱ्या या मुलांना श्वानदंशाची लस, हातमोजे आणि दरमहा ठरल्या तारखेला पैसे मिळावेत, एवढी मागणी अवास्तव नाही. ती मान्य करून घेण्यासाठी त्यांना रुग्ण टाकून रस्त्यावर बसावे लागू नये.