पोटापाण्याची पुस्तकं

मंडळी, ऑनलाईन मागवलेलं पुस्तक कुठवर आलंय हे मोबाईलवर बघताना "भिवंडी" हे नाव तुम्ही कधी ना कधी वाचलं असेलच. पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच जणांचा आमच्या गावाशी तेवढाच संबंध! पूर्वी आम्ही यंत्रमागांचं गाव म्हणून भूगोलाच्या पुस्तकात होतो, आता गोदामांचं गाव म्हणून पार्सलच्या प्रवासात असतो. गंमत बघा, इथून ढिगानं पुस्तकं जातात. पण माग चालवणाऱ्या, पार्सलं उचलणाऱ्या माणसांच्या जगण्याची पुस्तकं आपल्यातले फार थोडे लोक मागवतात.

आपण आयटीवाले काय मागवतो? सकाळी पाचला उठा, सवयी बदला, श्रीमंत व्हा. माझं मत सरळ आहे. "एआय आलं, आता आपलं कसं होणार" या काळजीनं ज्यांची झोप उडालीय, त्यांनी ही पुस्तकं वर्षभर बाजूला ठेवावीत आणि कामाबद्दल, पोटापाण्याबद्दल लिहिलेल्या कादंबऱ्या नि आत्मकथनं वाचावीत. यंत्र आलं आणि हातातलं काम गेलं, ही गोष्ट काही आपल्यापासून सुरू होत नाहीये.

पहिलं नाव देविदास सौदागर यांच्या 'उसवण'चं. २०२४ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार या कादंबरीला मिळाला. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले. रेडिमेड कपडे आले आणि गावातल्या शिंप्याचं गिऱ्हाईक आटत गेलं, एवढीच गोष्ट. पण वाचताना एक गोष्ट सारखी टोचत राहते. या माणसाच्या हातातलं कसब कणभरही कमी झालेलं नाही! शिलाई तशीच सरळ, माप तसंच बिनचूक. बदललाय तो बाजार. सेल्फ-हेल्पवाले काय सांगतात? काम गेलं म्हणजे तूच कुठेतरी कमी पडलास, अजून एक कोर्स कर. 'उसवण' वाचल्यावर हे वाक्य पूर्वीइतकं सहज गळी उतरत नाही. माझ्या मते तंत्रज्ञान आणि रोजगार या विषयावर आपल्या पिढीनं वाचावं असं हे मराठीतलं पहिलं पुस्तक, आणि त्यात कॉम्प्युटरची गरजच पडत नाही.

दुसरं, कृष्णात खोत यांचं 'रिंगाण' (साहित्य अकादमी, २०२३). धरणामुळे उठवलेल्या माणसांची ही कादंबरी. नवीन जागा मिळते, पण जनावरं, रान, वाटा मागेच राहतात. भाषा कोल्हापूरकडची, अस्सल. पहिली वीसेक पानं अडखळायला होईल, पण नेट धरा.

तिसरं, नंदा खरे यांचं 'उद्या'. खरे स्थापत्य अभियंते, म्हणजे आपल्याच जातकुळीतले :-) कादंबरी २०१४ ची. सतत नजर ठेवणारी यंत्रणा, कंपन्यांच्या हाती गेलेला कारभार आणि त्यात भरडली जाणारी साधी माणसं. २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो नम्रपणे नाकारला. २०२२ मध्ये ते गेले. डेटावर काम करणाऱ्या प्रत्येकानं हे एकदा वाचावंच.

आता आत्मकथनं. हू आन्येन या चिनी लेखकाचं 'आय डिलिव्हर पार्सल्स इन बीजिंग' हे पुस्तक २०२५ मध्ये इंग्रजीत आलं. हा गडी आधी एका गोदामात रात्रपाळीला पार्सलं लावायचा, नंतर बीजिंगमध्ये घरोघर पोचवायचा. एका ठिकाणी तो आपल्या एका मिनिटाची किंमत काढतो. लघवीला जायचं तर किती पैसे बुडतात याचा हिशोब करतो आणि मग सकाळी पाणीच कमी प्यायला लागतो. टाईमशीट भरणाऱ्या मंडळींनी हे पान शांतपणे वाचावं. मी भिवंडीत बसून वाचलं. चीन फार लांब वाटला नाही.

सोबत ऊर्मिला पवार यांचं 'आयदान' घ्या. २००३ चं आहे, म्हणजे ताजं नव्हे, पण शिळंही झालेलं नाही. आयदान म्हणजे बांबूची विणलेली वस्तू. आई सुपं-टोपल्या विणायची आणि आपण लिहितो, ही वीण एकच आहे असं लेखिका मानते. जात, बाईपण आणि कष्ट या तिन्हींचा हिशोब इतक्या मोकळेपणानं मांडलेला क्वचितच सापडेल.

राहता राहिली ऑडिओबुक्स. "वाचायला वेळ कुठंय?" हे भिवंडीत कुणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. माणकोली नाक्यावर अडकलेल्या माणसाला ज्ञान शिकवू नये. पण कान रिकामे असतात ना? स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं, तेव्हापासून मराठीत ऐकण्यासारखं बरंच काही जमा झालंय. "ऐकणं म्हणजे वाचन नव्हे" म्हणणाऱ्यांनी जरा आठवावं, पुलं आणि वपु कित्येक घरांत आधी कॅसेटवरूनच पोचले. माझा नियम एकच. बोलीतली पुस्तकं ऐकावीत, कारण डोळा जिथं अडखळतो तिथं कान सहज पुढे जातो. हवं ते पुस्तक ॲपवर नसेल तर घरात कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. फुकट पडतं, आणि घरच्यांशी बोलणंही होतं.

कुणी म्हणेल, शनिवार-रविवारी कशाला ही दुखणी? मान्य, ही पुस्तकं वाचून पगार वाढत नाही की नोकरी पक्की होत नाही. पण आपल्या भीतीला शब्द मिळतात. आणि ही भीती आपण एकट्यानं, गुपचूप बाळगायची गोष्ट नाही हे कळतं. दाराशी पार्सल घेऊन आलेला मुलगा आणि लॅपटॉपपुढे बसलेले आपण एकाच रांगेत आहोत, फार तर चार पावलं मागेपुढे.

असो. सुरुवात 'उसवण'पासून करा. आणि मागवताना घाई नसेल तर "उद्याच हवं" वर टिचकी मारू नका. पुस्तक दोन दिवस उशिरा आलं तरी चालतं.