नियंत्रित गट म्हणजे शेजारची गावं

संशोधन पद्धती आणि सांख्यिकी हा पेपर पाठांतरावर सुटतो, ही त्या पेपरची सगळ्यात मोठी अडचण आहे. गेल्या आठवड्यात ब्रह्मपुरीच्या मावसभावाचा फोन आला, "दादा, हे शून्य परिकल्पना काही डोक्यात जाऊनच नाही राहिलं." त्याच्याकडे गाईड आहे, त्यात तिची पाच वाक्यांची व्याख्या आहे आणि ती त्याला तोंडपाठ आहे. खाली उदाहरण काय, तर खतं घातलेलं शेत आणि न घातलेलं शेत. कुठलं शेत, कोणाचं, पत्ता नाही!

आता गंमत बघा. या विषयातलं जगभर गाजलेलं एक उदाहरण त्याच्या शेजारच्या जिल्ह्यात घडलंय. अभय आणि राणी बंग हे डॉक्टर दांपत्य अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून परतलं आणि १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत 'सर्च'चं काम सुरू केलं. नवजात बाळं घरातच दगावतात, दवाखाना लांब. मग गावातल्याच बाईला शिकवून तिच्याकडून घरी बाळाची काळजी घेतली, जंतुसंसर्गावर औषध आणि इंजेक्शन दिलं, तर मृत्यू कमी होतील का? हा झाला संशोधन प्रश्न. ३९ गावांत हे केलं. ४७ गावं तुलनेला ठेवली, तिथे सरकारी सेवा जशा होत्या तशाच राहिल्या. हा नियंत्रित गट.

शून्य परिकल्पना म्हणजे, 'या सगळ्या खटाटोपाने काही फरक पडत नाही' असं धरून चालायचं आणि आकड्यांनी ते खोडून काढायचं. प्रयोगाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात जात होती. तिसऱ्या वर्षी ती २५.५ वर आली. तुलनेच्या गावांत आकडा साठच्या आसपासच राहिला. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, पी ०.००१ पेक्षा कमी. म्हणजे खरोखर काहीच फरक पडत नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात एकाहून कमी. एकदा हे असं वाचलं की व्याख्या पाठ करायला लागत नाही.

आमच्या आयटीतही नियंत्रित गट असतो बरं का. अर्ध्या लोकांना निळं बटण दाखवायचं, अर्ध्यांना हिरवं, आणि कोण जास्त दाबतं ते मोजायचं. गणित तेच. पण तिथे चुकलं तर बटणाचा रंग बदलतो, इथे मोजणाऱ्याला ४७ गावांतल्या बाळांचे मृत्यूही तेवढ्याच काटेकोरपणे नोंदवावे लागले. 'संशोधनातील नीतिमूल्ये' या टीपेत मी हेच लिहीन. उपाय चालेल असं वाटत असताना काही गावं बाजूला ठेवणं योग्य का? माझं मत, हो. सिद्ध झालं म्हणूनच २०११ पासून आशा कार्यकर्त्या देशभर घरोघरी नवजात बाळं तपासायला जाऊ लागल्या. पण हे 'हो' सहज म्हणता येणारं नाही, आणि चार मार्कांत तर मुळीच बसत नाही.

मोजमापाच्या साधनाचं उदाहरणही तिथलंच. न्यूमोनिया ओळखायला मिनिटाभरातले श्वास मोजावे लागतात, आणि निरक्षर दाईला पन्नासपर्यंत आकडे येत नव्हते. मग वाळूचं घड्याळ आणि मणी यांचं साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. वैधता आणि विश्वसनीयता यांवर याहून चांगलं उत्तर मला तरी सुचत नाही.

नमुना निवडीसाठी चंद्रपूरकरांनी ताडोबात जावं (मनानेच, सफारीचे दर बघता!). पूर्वी पंजाच्या ठशांवरून 'सगळे' वाघ मोजायचे. २००५ मध्ये सरिस्कात वाघच उरले नसल्याचं उघड झालं आणि २००६ च्या गणनेपासून कॅमेरे आले. समजा, पहिल्या फेरीत ४० वाघ टिपले. दुसऱ्या फेरीत ५०, त्यांतले २५ पट्ट्यांवरून ओळखीचे निघाले. म्हणजे दुसऱ्या फेरीतले निम्मे आधी दिसलेले, तर पहिले ४० हे एकूण वाघांच्या साधारण निम्मे, अंदाज ८०. खरं गणित याहून किचकट आहे, पण कल्पना हीच.

आणि हो, मर्यादा लिहायला विसरू नका. गडचिरोलीतली ती ३९ गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, त्यामुळे दोन्ही गटांत आधीपासून काही फरक असू शकतो, ही शंका घ्यायला जागा आहे. प्रयोगाआधीचे मृत्युदर दोन्हीकडे जवळपास सारखे होते हे त्यावरचं उत्तर. ते पुरेसं आहे का, यावर परीक्षकाशी खुशाल वाद घाला.