खुर्ची मिळाली, तरी वॉर्ड सुटू नये

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातील सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. बूस्टर रॉकेटच्या सांध्यातील रबरी कडे थंडीने ताठर झाले होते, हे त्याचे तांत्रिक कारण. मात्र एवढ्या थंडीत उड्डाण नको, असे बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्रीच बजावले होते. तेव्हा कंपनीच्या अभियांत्रिकी प्रमुखांना वरिष्ठांनी अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची घालायला सांगितले आणि नकाराचा होकार झाला. चौकशी आयोगाचे सदस्य, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी नोंदवलेली तफावत बोलकी आहे. प्रत्यक्ष काम करणारे अभियंते यान गमावण्याचा धोका सुमारे शंभरात एक मानत. व्यवस्थापन मात्र लाखात एक.

अशी तफावत रुग्णालयातही निर्माण होऊ शकते. चांगला सर्जन विभागप्रमुख होतो, पुढे अधीक्षक किंवा अधिष्ठाता. मग निविदा, बैठका, चौकशा, न्यायालयीन प्रकरणे यांतच दिवस संपतो आणि वॉर्ड भेटतो तो फक्त अहवालात. समजा, अहवालात दहापैकी दहा व्हेंटिलेटर चालू आहेत. पण त्यातील दोघांचा अलार्म सारखा विनाकारण वाजतो म्हणून रात्रपाळीत त्याचा आवाज बंद ठेवला जातो, हे त्या रकान्यात कुठे लिहिणार? ते कळते खाटेजवळ उभे राहिल्यावरच.

याचा अर्थ अधिष्ठात्यांनी पुन्हा रोज शस्त्रक्रिया कराव्यात, असा नाही. सराव सुटलेला हात वर्षातून दोनदा अवघड शस्त्रक्रियेला लावणे रुग्णासाठी धोक्याचेच. वरिष्ठ प्रत्येक सलाईनमध्ये लक्ष घालू लागले, तर निवासी डॉक्टर शिकणार कधी? आवश्यक आहे ती कामाची ओळख टिकवणे. आठवड्याला एक ओपीडी आणि एक राउंड, महिन्यातून एकदा लवाजमा न घेता रात्रीची फेरी. मृत्यू आढावा बैठकीत अखेरपर्यंत बसणे आणि तिथे सर्वांत कनिष्ठ डॉक्टरला आधी बोलू देणे. यंत्र खरेदीच्या कागदावर सही करण्यापूर्वी, ते रोज हाताळणाऱ्या तंत्रज्ञाला विचारणे. वाईट बातमी सांगणाऱ्याची भाषा प्रमुखाला कळत असेल, तरच ती वेळेत वरपर्यंत पोहोचते.

हे केवळ वैयक्तिक इच्छेवर सोडून चालणार नाही. वरिष्ठ डॉक्टरांच्या टेबलावरील कारकुनी काम प्रशिक्षित प्रशासकांकडे द्यायला हवे. त्यांचे रुग्णसेवेचे तास वेळापत्रकात राखून ठेवावेत आणि त्या वेळेत मंत्रालयानेही बैठक लावू नये. तेवढे झाले, तर ताठर झालेले कडे अपघातापूर्वीच कुणाच्या तरी हाताला लागेल.