बंबात गेलेला कागद

आमच्या घरी १९८६ सालचे नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान एका सरकारी कागदावर झाले.

मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. अंगभर तेल चोळून, कुडकुडत, मागील दारी बंबाजवळ उभा होतो. आत्या बंब पेटवत होती. तिने पदराआडून एक घडी घातलेला कागद काढला, एकदा उलगडून पाहिला आणि गोवऱ्यांच्या तोंडाशी सारला. खालचा गोल शिक्का मला दिसला, म्हणून आठवतो. आजी ओरडली, "अगं, कोर्टाचा कागद तो!" आत्या म्हणाली, "त्याच्यानं पाणी तर तापेल."

नंदुरबारला दिलेली आमची आत्या नऊ वर्षांनी परत आली होती. त्या वर्षी तिचा घटस्फोट मंजूर झाला होता. पुढे त्या कागदाचा विषय घरात कोणी काढला नाही. आत्याने शिवणाचे यंत्र घेतले. चाळीतल्या तीन पिढ्यांची पोलकी तिने शिवली आणि कोणापुढे हात पसरला नाही.

पण यंत्र माणसाला पुरते, डोळे पुरत नाहीत. मोतीबिंदूच्या दोन शस्त्रक्रियांनंतर आत्याला सुईत दोरा ओवता येईना. माझे वडील होते तोवर ते तिच्या उशाखाली पैसे ठेवीत आणि तीही मुकाट्याने ते घेई. मी ठेवू लागलो, तेव्हा दुसऱ्या दिवशी ते माझ्याच कोटाच्या खिशात सापडू लागले. भावाचे घेणे वेगळे आणि भाच्याचे घेणे वेगळे, असा तिचा हिशेब.

अशात रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी म्हणाले, "अहो, तुमचे आजोबा रेल्वेत होते ना? मग आत्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकेल." केंद्र सरकारच्या नोकराच्या घटस्फोटित मुलीला, ती वयाने मोठी असली तरी, २००४ पासून ही सोय आहे. उत्पन्नाची मर्यादा आहे. शिवाय घटस्फोट आईवडिलांपैकी कोणीतरी हयात असताना झालेला असावा, निदान दावा तरी तेव्हा दाखल झालेला असावा. आजोबा १९८४ साली गेले, आजी १९९१ साली. म्हणजे सारे काही बसत होते. हवा होता फक्त कोर्टाचा हुकूमनामा, आणि तो तर बंबात गेलेला!

वाचकहो, मी स्वतःला बऱ्यापैकी जाणता समजतो. म्हटले, त्यात काय! चिरंजीवांनी मोबाइलवर न्यायालयांचे संकेतस्थळ उघडले. तिथे आजच्या खटल्यांच्या तारखा घरबसल्या दिसतात, परंतु १९८६ च्या आमच्या खटल्याचा पत्ता लागेना. मग मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला बसलो, तर वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई हसल्या. "कोर्टाच्या कागदाची नक्कल कोर्टाच्याच नियमांनी मागायची. सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली तसं स्पष्ट केलंय. जाऊन नकलेचा अर्ज करा. आणि आत्यांना बरोबर न्या."

आत्याला नेणे हेच अवघड होते. "मी त्या गावात पाय ठेवणार नाही," असे म्हणत तिने चार महिने काढले. अखेर गेल्या हिवाळ्यात आम्ही निघालो. नंदुरबारच्या शिवेवर लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या होत्या. नजर जाईल तिथवर लालभडक, आणि हवेत असा खकाणा की आम्ही दोघेही शिंकू लागलो. आत्या डोळे पुसत म्हणाली, "मिरची आहे हो." मी काहीच विचारले नव्हते.

कोर्टात नक्कल विभागाच्या खिडकीशी मी ऐटीत उभा राहिलो. आत्या बाहेरच्या बाकावर बसली. आतल्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिले.

"प्रकरण कोणाचं?"

"माझ्या आत्याचं."

"आपण पक्षकार?"

"मी भाचा."

"म्हणजे परके," ते शांतपणे म्हणाले. वाईट वाटले, पण त्यांचे बरोबर होते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे अशा खटल्यांची सुनावणी बंद दाराआड होते आणि तिथले बोलणे छापून प्रसिद्ध करायलाही मनाई आहे. पक्षकाराला आपली नक्कल मागता येते. त्रयस्थाला मात्र कारण सांगून आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. नवराबायकोचे भांडण भाच्याने येऊन वाचावे, असे कायद्याला वाटत नाही. मला ते पटले. माझ्या चौकशीच्या उत्साहाला मात्र जरा गळती लागली.

"बाई आल्यात ना? मग त्यांनाच बोलवा," गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. वर्ष ऐकून त्यांनी मान हलवली. "माय, आपला जिल्हा १ जुलै १९९८ चा. त्याआधी सारं धुळ्याला. तुमचा दावा जिल्हा कोर्टात चालला असेल, तर कागद धुळ्याला शोधावा लागेल." आत्याला तेव्हा आठवले, की ती तारखांना एस.टी.ने धुळ्याला जात असे. चाळीस वर्षांत तिने गावाचे नावसुद्धा मनातून पुसून टाकले होते.

धुळ्याची गाडी दुपारनंतर होती, म्हणून आम्ही बाकावर बसलो. शेजारी धडगावकडची एक बाई बसली होती. रेशनकार्ड वेगळे करायला तिच्याकडे नवऱ्यापासून सुटल्याचा कागद मागत होते. ती म्हणाली, "कागद कुठून आणू? पंचांनी सोडवलं. पाच माणसं होती. तीन मेली."

मी गप्प झालो. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे शंभरातली सुमारे एकोणसत्तर माणसे अनुसूचित जमातींची. भिल्ल, पावरा, मावची. हिंदू विवाह कायदा त्यांना आपोआप लागू होत नाही, त्यासाठी केंद्र सरकारची अधिसूचना लागते. लग्न जोडणे आणि मोडणे रूढीने, पंचांपुढे होते. ते खोटे मुळीच नव्हे. परंतु रूढी मानायची तर ती पुराव्याने सिद्ध करा, असे कायदा म्हणतो, आणि पुरावा म्हणजे ती पाच माणसे. याच जिल्ह्यातल्या टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार कार्डे वाटली गेली. माणूस कोण, याचा कागद इथे सर्वांच्या आधी पोचला. बाई कोणाची आणि कोणाची नाही, याचा कागद मात्र अजून पंचांच्या डोक्यात आहे.

आत्या बराच वेळ त्या बाईकडे पाहत होती. मग म्हणाली, "माझ्याकडे होता. मी जाळला." बाई चकित झाली. "का?" आत्याला उत्तर सुचले नाही.

मघाचे गृहस्थ चहाला निघाले होते. आत्याने त्यांना अडवले आणि या बाईने काय करावे ते विचारले. त्यांनी विधी सेवा प्राधिकरणाची खोली दाखवली. १९८७ च्या कायद्याने तिथे स्त्रियांना आणि अनुसूचित जमातीच्या माणसांना, उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. उरलेल्या पंचांच्या साक्षीवर दिवाणी कोर्टाकडे आपली स्थिती जाहीर करून मागता येते. आत्या त्या बाईचा हात धरून आत गेली. दुपारची गाडी चुकली. मी घड्याळ दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "तिचे दोनच पंच उरलेत रे. गाडी दुसरी येईल."

दुसऱ्या दिवशी धुळे. दाव्याचा क्रमांक ठाऊक नाही, तारीख ठाऊक नाही. तिथल्या कारकून बाईंनी विचारले, "निकालाचा महिना तरी?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. आणि मला एकदम बंब आठवला! "दिवाळीच्या आधी," मी म्हणालो, "तो कागद नरकचतुर्दशीला जाळला." बाईंनी आधी डोळे विस्फारले, मग नोंदवही ओढली. दिवाळीच्या सुटीपासून त्या उलट्या मागे येत गेल्या. सहाव्या पानावर आत्याचे नाव होते, सासरचे. ज्या आगीने कागद नेला, तिनेच त्याची तारीख राखली होती.

"हुकूमनामा हवा की निकालपत्रही?" बाईंनी विचारले. निकालपत्रात सारी हकीकत असते, कोणी काय आरोप केले, कोण काय म्हणाले. हुकूमनाम्यात फक्त नावे, तारीख आणि ठरले काय ते. मी म्हणणार होतो, दोन्ही द्या. आत्याच आधी बोलली, "फक्त हुकूमनामा. बाकीचं मला पाठ आहे."

तिने अर्जावर सही केली, कोर्ट फीचा स्टँप लावला. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत कोर्ट दोन्ही पक्षकारांना फुकट देते. आत्याची फुकटची बंबात गेली, दुसरीला पैसे पडले. तात्पर्य, आयाबहिणींनो, फुकट मिळालेला कागद सर्वांत महाग असतो. तो रागाने जाळू नका, डब्यात ठेवा. पोटगीच्या आदेशाचेही तेच, ज्या बाईच्या बाजूने तो होतो तिला त्याची प्रत विनामूल्य मिळते. आणि घरात जुना खटला असेल, तर त्याचा क्रमांक, कोर्टाचे नाव आणि निकालाची तारीख एखाद्या वहीत लिहून ठेवा. कोर्टाचेही सगळेच कागद कायमचे राहत नाहीत. त्यांचे वर्ग असतात आणि काही ठरावीक वर्षांनी नष्ट होतात.

नक्कल मिळाली त्या दिवशी आत्याने ती खिडकीच्या उजेडात धरली. डोळ्यांना दिसेना, म्हणून मीच तारीख वाचली. ऑक्टोबर १९८६. आजी जाण्याच्या पाच वर्षे आधी.

"म्हणजे आई असताना," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तिनं किती आरडाओरडा केला होता, आठवतं?"

निवृत्तिवेतनाचा अर्ज गेला आहे, उत्तर यायचे आहे. हुकूमनामा आत्याच्या पत्र्याच्या डब्यात, शिवणाच्या कात्रीखाली आहे. परवा तिने मला एक पोस्टकार्ड लिहायला सांगितले, धडगावकडच्या त्या बाईला, तिचे काम कुठवर आले म्हणून. मी लिहिले. खाली आत्याने स्वतः, वाकड्यातिकड्या अक्षरांत, आपले नाव घातले. माहेरचे.

आमच्याकडे आता बंब नाही, गीझर आहे. तरी नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री मी एकदा तो डबा उघडून पाहणार आहे.